गिलावा सुटल्याचा आवाज

इमर्जन्सीत एकोणतीस वर्षं काढली म्हटलं की लोक आधी रक्ताबद्दल विचारतात. चक्कर यायची नाही का, घरी येऊन जेवण जायचं का. मी खरं उत्तर देते, त्यामुळे त्यांची निराशा होते. रक्ताला मी कधी घाबरले नाही. रक्त दिसतं, आणि जे दिसतं ते दाबून धरता येतं. मला धास्ती असायची बाहेरून धड दिसणाऱ्या छातीची. कपाळावर दोन टाके पडतील एवढी जखम घेऊन माणूस स्वतःच्या पायांनी आत येतो, बाकावर बसतो, पाणी मागतो, आणि आत त्याचं फुप्फुस हळूहळू भिंतीपासून सुटत असतं.

‘भिंतीपासून सुटणं’ हे शब्द माझ्या पुस्तकात नव्हते. ते माझ्या वडिलांचे आहेत. आबा बार्शीला गवंडी होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. नर्सिंग. ही पदवी मी आजही नावापुढे लिहिते, घराच्या दारावरच्या पाटीवरसुद्धा लिहिली आहे, कुणी हसलं तर हसू दे. मी आईबापांची एकुलती. शाळा सुटली की आबांचा डबा घेऊन ज्या बांधकामावर ते असतील तिथे जायची. नवा गिलावा वाळला की आबा थापीची मूठ घेऊन भिंतीवरून सरकत सरकत ठोके देत जायचे. गिलावा विटेला घट्ट धरून असला की आवाज भरीव येतो. मध्ये हवा राहिली असेल तर मोकळा, रिकाम्या डब्यासारखा. आणि भिंतीत ओल मुरली असेल तर आवाज मुका होतो, ठोका आतच राहतो. आबा डोळे मिटून ऐकायचे. मग कानामागची पेन्सिल काढून भिंतीवर गोल काढायचे आणि म्हणायचे, “हितं सुटलंय.” मलाही डोळे मिटायला लावायचे. दहा वर्षांची होईपर्यंत मला तिन्ही आवाज ओळखता यायला लागले होते. त्याचा काही उपयोग होईल असं तेव्हा त्यांनाही वाटलं नव्हतं आणि मलाही.

कोलकात्याला आले ती प्रकाशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, बँकेतल्या बदलीमुळे. बदली तीन वर्षांची होती. पुढे त्याने एक बढती सोडली आणि आम्ही सॉल्ट लेकचेच झालो. मला नोकरी लागली खिदिरपूरच्या बाजूच्या एका खासगी रुग्णालयात. गोदी जवळ, त्यामुळे कंटेनर वाहणारे ट्रेलर, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या मिनीबस, माल उतरवताना अंगावर पडणाऱ्या पेट्या. छातीला मार लागलेली माणसं आमच्याकडे इतर कुठल्याही दुखण्याइतक्या सहजपणे येत. तिथे मला सगळे मराठी दीदी म्हणायचे. माझं खरं नाव निम्म्या लोकांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

आता धंद्याचं थोडं सांगते. छाती म्हणजे बरगड्यांची खोली आणि फुप्फुस म्हणजे त्या खोलीच्या भिंतींना आतून चिकटलेला गिलावा, असं समजा. मार लागून फुप्फुसाला छिद्र पडलं की श्वासागणिक हवा गळते आणि भिंत व फुप्फुस यांच्यामध्ये साठते. फुप्फुस सुटतं, चेपतं. कधीकधी ती हवा आत शिरते पण बाहेर पडायला वाट नसते. मग दाब वाढत जातो, हृदय दुसऱ्या बाजूला ढकललं जातं, मानेच्या शिरा फुगतात, नाडी पळायला लागते आणि रक्तदाब घसरतो. अशा माणसाकडे काही मिनिटंच असतात. उपचार मात्र साधा आहे: योग्य जागी, बरगडीच्या वरच्या कडेला लागून, एक जाड सुई घालायची आणि हवा सोडायची. नंतर सावकाश नळी. सुई घालणं डॉक्टरांचं काम. ओळखण्यावर मात्र कुणाची मालकी नव्हती.

मी ओळखायची ती अशी. आधी जखम बघायची नाही, सदरा बघायचा. दोन्ही बाजू सारख्या वर-खाली होतायत का? मग डाव्या हाताचं मधलं बोट छातीवर सपाट ठेवून त्यावर उजव्या बोटाने ठोके द्यायचे. हे नर्सिंगच्या पुस्तकातही असतं, पण पुस्तकातून आवाज येत नाही.

एका सकाळी मिनीबसचा ड्रायव्हर आणला. ट्रेलरने बाजूने दाबलं आणि याची छाती स्टिअरिंगवर आपटली होती. भुवई फाटलेली, तोंड रक्ताने माखलेलं, त्यामुळे सगळे भुवईकडे धावले. तो आडवं व्हायला तयार नव्हता. झोपवलं की उठून बसायचा. त्या दिवशी ड्यूटीवर डॉ. सौम्यदीप होते, आमच्याकडे येऊन दोन महिने झालेले, हुशार आणि थोडे घाबरलेले. त्यांनी सांगितलं, आधी एक्स-रे. नियमाने बरोबरच होतं, पण एक्स-रेची खोली लांब, कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला. मी तोवर सदरा कापला होता. उजवी बाजू हलत नव्हती. ठोका दिला. मोकळा आवाज, अगदी डब्यासारखा.

मी म्हटलं, “डॉक्टर, हा तिथपर्यंत पोचणार नाही.”

“कशावरून म्हणता, सिस्टर?”

“तुम्ही वाजवून बघा.”

त्यांनी डावीकडे वाजवलं, उजवीकडे वाजवलं. मानेच्या शिरा बघितल्या. मी सुई त्यांच्या हातात ठेवली होती, ती त्यांनी जणू स्वतःच मागितल्यासारखी घेतली, त्याबद्दल मला त्यांचं कौतुक आहे. सुई गेली आणि सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढल्यावर येतो तसा आवाज आला. इतका वेळ धडपडणारा तो माणूस मागे टेकला. दोनचार श्वास घेतले आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, की माझी उजवी चप्पल बसमध्ये राहिली आहे, कुणी आणेल का?

दुपारी डॉक्टर चहा घेऊन माझ्या टेबलाशी आले. हे कुणी शिकवलं, असं विचारलं. मी म्हटलं, वडिलांनी. ते डॉक्टर होते का? नाही, गवंडी होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला गिलाव्याची सगळी गोष्ट सांगायला लावली. शेवटी म्हणाले, मला तुमच्या वडिलांना भेटायचंय. त्या दिवसापासून त्यांनी मला सिस्टर म्हणणं सोडलं, दीदी म्हणायला लागले.

मी ते सगळं मोठ्या हौसेने फोनवर आबांना सांगितलं.  ते म्हणाले, “मानसाला भित्तीवानी वाजवतीस व्हय? त्याला काय वाटंल?” आणि विषय बदलला. आमच्या गावाकडे कुणाच्याही मनात नर्स म्हणजे लघवीची भांडी देणारी आणि चादरी बदलणारी बाई. आबांना गावात लोकांनी टोमणे मारले होते, पोरीला शिकवून लोकांचं हगणंमुतणं काढायला पाठवलं म्हणून. ते मला कधी बोलले नाहीत. पण मी काय करते हे त्यांनी कधी विचारलंही नाही. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा माझं काम बघावं. एकदाच. बार्शीपासून कोलकात्यापर्यंतचा रस्ता लांब होता आणि आबा भिंती सोडून यायला तयार नव्हते.

छातीत नळी घातली की तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवतात. हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, पाणी मध्ये असल्याने परत आत जात नाही. बाटली कायम छातीच्या खाली, जमिनीवर. हा एकच नियम, पण तो पाळायला लावताना माझी अर्धी नोकरी गेली. एकदा विजयेच्या आठवड्यात, म्हणजे दुर्गाविसर्जनानंतर लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायला घरोघर जायचे दिवस असतात तेव्हा, आमच्या निरीक्षण कक्षात एक निवृत्त विज्ञानशिक्षक होते. बरगड्या मोडलेल्या, नळी घातलेली. घरचे रांगेने पाया पडायला आले. पुतण्याने बघितलं, बाटली नेमकी पायांपाशी आहे, काकांच्या अंगाला जोडलेली वस्तू, तिला लोकांचे पाय लागणार. म्हणून त्याने भक्तिभावाने ती उचलून उशाच्या कपाटावर ठेवली. मी दारातून बघते तर पाणी नळीतून मास्तरांच्या छातीकडे जात होतं. धावत जाऊन बाटली खाली घेतली. मास्तर पाण्याच्या त्या वाटेकडे शांतपणे बघत होते. म्हणाले, “याला सायफन मीच शिकवला होता. तेव्हाही नापास झाला होता.”

त्याच आठवड्यात आणखी एक गिऱ्हाईक ठरलेलं असायचं. विजयेला पुरुष एकमेकांना कोलाकुली करतात, म्हणजे तीनदा गळाभेट. ती मनापासून करायची असते. सत्तरीच्या सद्गृहस्थांना कुणी दणकट भाचा कडकडून भेटला की दोन दिवसांनी ते बरगडी धरून आमच्याकडे. आम्ही हसायचो, पण तपासायचो नीट. कारण म्हाताऱ्या माणसाची मोडलेली बरगडी ही साधी गोष्ट नाही. बरगडीला प्लास्टर नसतं, पट्टा बांधून घट्ट आवळायचं तर मुळीच नाही. ती आपोआप जुळते. पण तोवर दुखतं, दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो, कधी आतल्या आत रक्त झिरपत राहतं आणि आठ-दहा दिवसांनी घात होतो. दुखणं थांबवायचं ते त्याने श्वास घ्यावा म्हणून. नवीन मुलींना मी एक प्रश्न पाठ करून घ्यायला लावायची. म्हाताऱ्याला ‘दुखतं का’ विचारू नका, तो नाही म्हणेल. विचारा, रात्री झोपता कसे? बसून झोपायला लागला असेल तर सदरा वर करा.

हा प्रश्न मी किती जणींना शिकवला असेल.

आई गेली त्या वर्षी आबा शेवटी कोलकात्याला आले. शहात्तर वर्षांचे. बांगला येत नव्हती, हिंदी मोडकी. प्रकाश पुण्याचा, त्याचं मराठी आबांना रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटायचं, म्हणून ते त्याच्यासमोर अघळपघळ बोलत नसत. मी घरी आले की बोलायचे. कित्येक वर्षांनी माझ्या घरात बार्शीची भाषा ऐकू यायला लागली होती, आणि स्वयंपाकघरात उभी असताना नुसती ती कानावर पडावी म्हणून मी उगाच काहीतरी विचारत राहायची.

दिवसभर घरात एकटे. काय करणार? भिंती वाजवायचे. चार दिवसांत त्यांनी सगळा फ्लॅट वाजवून काढला आणि हॉलच्या भिंतीवर, हात पोचत नाही एवढ्या उंचीवर, पेन्सिलने परातीएवढा गोल काढला. तो काढायला स्टुलावर चढले होते. मी रागावले. म्हटलं, आबा, पुन्हा स्टुलावर चढायचं नाही. ते म्हणाले, “सुटलंय तिथं. उद्या डोस्क्यात पडंल कुणाच्या.” मी म्हटलं, दिवाळीनंतर मिस्त्री बोलावते. “मिस्त्री घरात हाय की,” ते म्हणाले. मी बोट दाखवून पुन्हा बजावलं. लहान मुलाला बजावतात तसं. ते आता आठवलं की नको होतं.

आमच्या कक्षात माझा एक रिवाज होता. दुर्गापूजेच्या चार दिवसांत सगळ्या बंगाली मुलींना सुट्टी हवी असते. ते चारही दिवस मी ड्यूटी घ्यायची, आणि दिवाळीला त्या माझी भरून काढायच्या. वर्षानुवर्षं चाललं होतं. मला त्याचा अभिमान होता. पूजेत इमर्जन्सी मराठी दीदीवर चालते, असं लोक म्हणायचे आणि मी ऐकायची. त्या वर्षीही घेतली. मी रुग्णालयात, प्रकाश बँकेच्या लोकांबरोबर मंडप बघायला. अष्टमीच्या दुपारी आबांनी छिन्नी-हातोडी काढली, स्टुलावर चढले, गोलाच्या कडेला पहिला घाव घातला आणि स्टूल सरकलं. शेजारच्या लोखंडी खाटेच्या कडेवर डाव्या कुशीवर पडले.

आम्ही परत येईपर्यंत त्यांनी स्टूल जागेवर ठेवलं होतं, फरशी पुसली होती. उंचावरचा तो छिन्नीचा ओरखडा मला दिसला नाही. कुणाला सांगितलं नाही. मी चढू नका म्हटलं होतं ना.

त्या दिवसापासून ते खुर्चीत बसून झोपायला लागले. मी बघितलं. म्हटलं, आबा, आडवे व्हा की. म्हणाले, तुमच्या गादीनं पाठ धरती. मी दुसरी गादी काढून दिली. त्यावरही झोपले नाहीत. जेवण कमी झालं, मी म्हटलं, मोहरीचं तेल सोसत नसेल. बोलणं कमी झालं, मी म्हटलं, आईची आठवण येत असेल. रोज परक्यांच्या छात्या वाजवून मी घरी यायची आणि आमच्या हॉलमध्ये माझा बाप बसून झोपायचा. आठ दिवस.

विजयेनंतर वरच्या मजल्यावरचे घोषबाबू आले. मोठा प्रेमळ माणूस, नारळाचे लाडू घेऊन. आबांना म्हणाले, दादा, शुभो विजया, आणि दोन्ही हात पसरले. आबांना कोलाकुली माहीत नव्हती, पण कुणी भेटायला हात पसरले तर नाही कसं म्हणायचं? मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. पहिली भेट उजवीकडून झाली. दुसरीला घोषबाबूंचा हात डाव्या कुशीवर पडला आणि आबा ओरडले नाहीत. त्यांचा श्वास थांबला, एवढंच. मला तो थांबलेला श्वास ऐकू आला.

ट्रे कुठे ठेवला आठवत नाही. घोषबाबूंना बाजूला केलं आणि म्हटलं, “आबा, सदरा वर करा.”

“काय न्हाई गं. जरा—”

“वर करा.”

डाव्या कुशीवर तळहाताएवढा डाग, कडेने पिवळा, मध्ये हिरवट. ताजा मार निळा-काळा असतो. हिरवा म्हणजे आठवड्याचा. मी गुडघ्यांवर बसले, बोट ठेवलं आणि वरून वाजवत खाली आले. आबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, दुखण्यामुळे. वर ठीक. मधे ठीक. खालच्या बाजूला, बरगड्यांच्या शेवटाला, ठोका आतच राहिला. मुका. पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवलं.

आबा डोळे न उघडता म्हणाले, “परत परत काय वाजवतीस? खाली ओल धरलीय. वरच्या बाजूला न्हाई.”

आयुष्यात मला कुठल्याही डॉक्टरांनी इतकं नेमकं निदान सांगितलेलं नाही. घोषबाबू, ज्यांना एक शब्द कळला नव्हता, ते लाडवांचा डबा हातात घेऊन भिंतीला टेकले होते. त्यांनीच गाडी काढली.

रुग्णालयात डॉ. सौम्यदीप होते. आता ते विभागात मोठे झाले होते. त्यांनी आबांना नमस्कार केला, मग मशीन आणायला सांगितलं. हल्ली छातीवर छोटं सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं की पडद्यावर सगळं दिसतं, कुणी वाजवत बसत नाही. तरी त्यांनी यंत्र लावण्याआधी बोट ठेवून वाजवलं. मला कळलं की ते माझ्यासाठी नव्हतं, आबांसाठी होतं. तीन बरगड्या मोडलेल्या, आणि खाली रक्त साठलेलं. नळी घातली. जुनं, काळपट रक्त आलं. मी उशाशी उभी होते, आबांचा हात धरून. मला कामाला हात लावू दिला नाही, आणि ते योग्यच होतं. पण जिभेवर एक वाक्य होतं ते मी सौम्यदीपना बांगलात सांगून टाकलं, की मी आठ दिवस बघितलं नाही.  त्यांनी सांत्वन केलं नाही हे बरं केलं. एवढंच विचारलं, वडील झोपायचे कसे? मी म्हटलं, बसून. त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

आबा सहा दिवस आमच्या निरीक्षण कक्षात होते. त्यांनी माझं काम बघितलं ते तेच सहा दिवस. मी गणवेशात, ते खाटेवर, आणि समोर दिवसभर माझं काम. बाटलीचं त्यांना पहिल्या तासात कळलं. गवंडी भिंतीची पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होताना बघून ते म्हणाले, हे तर लेव्हलचं पाणी. मग त्यांनी बाटलीची राखण सुरू केली. शेजारच्या खाटेला भेटायला कुणी आलं आणि वाकलं, की आबा हात पुढे करून अडवायचे आणि बार्शीच्या मराठीत बजावायचे, बाटलीला हात लावायचा न्हाई, पाणी खालीच धावतंय. लोक ऐकायचे. भाषा न कळता ऐकायचे. सफाईवाल्या मावशींपासून सगळे त्यांना मिस्त्रीबाबू म्हणायला लागले.

मी येता-जाता त्यांच्याकडे बघायची. मी कुणाला वाजवायला लागले की ते मान कलती करून ऐकायचे. एकदा एका गोदी कामगाराला तपासून मी वळले तर आबांनी लांबूनच मान हलवली, भरीव आहे, ठीक आहे, अशी. आणि तो खरंच ठीक होता.

घरी जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांची नळी काढलेली जागा बघत होते. ते म्हणाले, “तुझं काम अवघड हाय.”

मी म्हटलं, तुमच्यासारखंच आहे.

“न्हाई. भित्तीला लपवता येत न्हाई.”

एवढंच. ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते.  मी पट्टी लावली.

आबा पुढच्या उन्हाळ्यात बार्शीला परत गेले. इथली हवा दमट, डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग थोडा जाडसर झाला तो झालाच, जिना चढताना थांबावं लागायचं. आणखी दोन वर्षं होते. फोनवर रोज विचारायचे, आज किती आले, कुणाचं काय सुटलं होतं. मी सगळं सांगायची. अवघड असेल तर विचारायचे, आवाज कसा होता? फोन ठेवून मी वर्णन शोधत बसायची, उद्यासाठी. ते गेल्यावर तीन वर्षं मी नोकरी केली. आवाज ऐकायची आणि सांगायला कुणी नसायचं. नव्या मुली यंत्राकडे बघतात, आणि यंत्र चुकत नाही, मी त्यांना दोष देत नाही. फक्त कधीतरी वाटतं, पडद्यावर दिसतं ते सगळ्यांना दिसतं. ऐकू यायचं ते आम्हा दोघांनाच यायचं.

हॉलमधल्या गोलावर मी एक मोठं कॅलेंडर टांगून ठेवलं होतं. प्रकाश दरवर्षी म्हणायचा, गिलावा दुरुस्त करून घेऊ. मी म्हणायची, नंतर. या वर्षी पावसात त्या भिंतीला भेग गेली, तेव्हा टाळता आलं नाही. मुर्शिदाबादचे एक वयस्कर मिस्त्री आले. मी आत भाजी चिरत होते आणि बाहेरून ठोके ऐकू आले. टक् टक्, थांबून, पुन्हा. सुरी ठेवून मी बाहेर आले. मिस्त्री शिडीवर होते, बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत. कॅलेंडर काढून त्यांनी खाली ठेवलं होतं.

“फांपा,” ते म्हणाले. म्हणजे पोकळ. मग पेन्सिलीच्या रेषेच्या आत वाजवलं, बाहेर वाजवलं, रेषेवरून पूर्ण फिरले. हा गोल कुणी काढला, असं विचारलं.

“माझ्या वडिलांनी.”

“मिस्त्री होते?”

“हो.”

“एक बोटसुद्धा इकडेतिकडे नाही,” ते म्हणाले. गोलाच्या कडेला छिन्नीचा एक घाव होता, त्यावर अंगठा फिरवून त्यांनी विचारलं, इथे सुरू करून थांबले का? मी म्हटलं, थांबले.

त्यांनी समजावून सांगितलं की हे पूर्ण काढावं लागेल, नाहीतर नवा रंगही घेऊन खाली येईल. मला माहीत होतं. इतकी वर्षं ठेवलं म्हणून आबांनी मलाच बोल लावला असता. मी मिस्त्रींना म्हटलं, एक मिनिट द्या. आतून स्टूल आणलं, तेच. ते चटकन शिडीवरून उतरले आणि न सांगता दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे राहिले.

मी वर चढले. डोळे मिटले. डाव्या हाताचं मधलं बोट भिंतीवर ठेवलं आणि रेषेच्या बाहेर वाजवलं: भरीव. आत वाजवलं: मोकळा, रिकाम्या डब्यासारखा, बार्शीच्या कुठल्याही भिंतीतून यावा तसा. तेवढा एक आवाज पुन्हा ऐकला, आणखी एकदा ऐकला.

मग खाली उतरले आणि म्हटलं, फोडा.